साळवे सेक्रेटरींच्या अकरा किल्ल्या

शिमोनराव साळवे देवाकडे काही मागत नसत. ते देवाला कामं सांगत.

मी त्या गावात जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून रुजू झालो, त्याच्या पहिल्याच रविवारी त्यांनी मला चर्चमध्ये नेलं. गाव नेकनूर आणि चौसाळ्याच्या मधलं, डांबरी सोडून आत गेल्यावर लागणारं. मी तुमच्या धर्माचा नाही, असं मी भीतभीत सांगितलं, तर म्हणाले, "बसायला काय धर्म लागतो का डॉक्टर? बाक हाय, बसा." मी डॉक्टर नव्हतो, पण गावानं मला उतरल्या उतरल्याच डॉक्टर करून टाकलं होतं आणि मीही फारसा विरोध केला नव्हता. मी मागच्या बाकावर बसलो. कुणीतरी प्रार्थना करावी असं पाळकसाहेब म्हणाले, आणि दुसरं कुणी उठायच्या आत शिमोनराव उभे राहिले.

त्यांनी पाऊस मागितला, पण नुसता नाही. तो नेकनूरच्या बाजूनं यावा, कारण चौसाळ्याकडून येतो तो नुसतं वारं घेऊन येतो. गुरुवारी नको, गुरुवारी कडबा उघड्यावर असतो. पाण्याच्या टँकरच्या ड्रायव्हरला सुबुद्धी द्यावी, जमल्यास मंगळवारपर्यंत. ड्रायव्हरचं नावही घेतलं, पण त्या नावाचे दोन ड्रायव्हर होते. देवाचा घोटाळा होऊ नये म्हणून त्यांनी ड्रायव्हरच्या बापाचंही नाव सांगून ठेवलं. शेवटी "तरी माझी नव्हे, तुझीच इच्छा पूर्ण होवो, आमेन" हे वाक्य त्यांनी इतक्या घाईत उरकलं, की ते देवाच्या कानावर पडू नये अशीच त्यांची इच्छा असावी. मला हसू आवरेना. मी खाली वाकून चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं केलं.

जेवणाआधीची प्रार्थनाही अशीच. त्यांच्या घरी मी पुष्कळदा जेवलो. मार्थाबाई, म्हणजे त्यांची बायको, तव्यावरून भाकरी थेट ताटात टाकायच्या आणि शिमोनराव डोळे मिटायचे. ते डोळे उघडेपर्यंत भाकरीचा पापुद्रा वातड झालेला असे. "चाळीस वर्षं झाली, ह्यांनी गरम भाकर खाल्ली न्हाई," मार्थाबाई मला एकदा म्हणाल्या. "देवाला सगळा तालुका समजावून सांगावा लागतो ना."

गावातल्या दूध संस्थेचे ते सेक्रेटरी होते. संस्थेची खोली आणि माझा दवाखाना यांच्यात एकच भिंत होती. शिमोनराव अंगानं शिडशिडीत, पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि कमरेला करदोड्यात अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्या अकरा. संस्थेची खोली, पेंडीचं गोदाम, मोटारीची पेटी, चर्चचं दार, चर्चचं कपाट, बाजाच्या पेटीचं कुलूप, घरातली दोन कपाटं, आणखी काय काय. अकरावी किल्ली कशाची, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, की तिचं कुलूप कधीचंच हरवलंय. मग ठेवलीत कशाला? "सापडलं तर?" ते म्हणाले, आणि मलाच खुळ्यात काढल्यासारखं बघितलं.

ते येताना आधी किल्ल्या ऐकू येत आणि मग ते दिसत. आमचे पाळकसाहेब वयानं लहान, नुकतेच शिकून आलेले, शिमोनरावांना जरा टरकूनच असत. तेसुद्धा एकदा चहा पिताना मला हळूच म्हणाले, की स्वर्गाच्या किल्ल्या येशूच्या शिष्याकडे, पेत्राकडे असतील, पण खालच्या सगळ्या ह्यांच्याकडे आहेत. चर्चमध्ये बाजा वाजवायचा तर शिमोनराव हवेत, दिवा लावायचा तर शिमोनराव हवेत. ते परगावी गेले की देवाचं घर बंद, आणि म्हणून ते परगावी जातच नसत.

पुढं लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. जनावरं बाजाराच्या वाटेला लागायच्या आत संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली. ताट्यांच्या सावलीत दोनेकशे गाई-बैल, वासरं, आणि त्यांच्या पायाशी त्यांची माणसं. छावणीचा कारभार अर्थातच शिमोनरावांकडे आला. सकाळ-संध्याकाळ गोदाम तेच उघडणार, प्रत्येकाच्या जनावरांचा चारा तेच मोजणार, आणि गोदाम तेच लावणार. जनावरं इतकी हुशार, की किल्ल्या वाजल्या की दावणीला बसलेली सगळी एकदम उभी राहत.

छावणीत रखमाजी नावाचा धनगर होता. चाळिशीचा, दोन गाई घेऊन आलेला. मेंढरं हाकून हाकून त्याचा आवाज असा मोठा झालेला, की तो कानात बोलला तरी चौसाळ्यात ऐकू जावं. त्यानं सुरुवातीलाच एकदा उसाच्या वाढ्यांची एक पेंढी जास्तीची उचलली होती आणि शिमोनरावांनी धरल्यावर हसत कबूलही केलं होतं, की गाय व्यायला झालीय, म्हणून नेली. तेवढ्यावरून शिमोनरावांच्या लेखी तो कायमचा चोर झाला. गंमत म्हणजे हाच रखमाजी रोज चारा वाटपाच्या वेळी काट्याशेजारी येऊन उभा राहायचा आणि प्रत्येक वजन मोठ्यानं ओरडायचा. "पंधराला एक कमी! हां, भरलं!" शिमोनराव भडकायचे. "तू कावून वरडतो बे? मला दिसत न्हाई का?" रखमाजी मान डोलवायचा, आणि पुढच्या वजनाला पुन्हा ओरडायचा.

मी तिथंच जनावरांना लस टोचत असायचो. मलाही तो आगाऊपणाच वाटायचा.

मग एकदा कामासाठी मी शिमोनरावांना मोटरसायकलवर मागं बसवून बीडला निघालो. हा अनुभव ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. गाडी मी चालवत होतो, एवढंच; बाकी सगळं तेच करत होते. "गिअर बदला. हॉर्न द्या. वळण हाय. हळू." मी ब्रेक दाबायच्या आधी ते मागच्या पायटेकणीवर उजवा पाय करकचून दाबायचे. मांजरसुंब्याचा घाट अजून यायचा होता, तेवढ्यात ते ओरडले, "म्हैस! म्हैस हाय डॉक्टर, थांबा!" मी घाबरून गाडी थांबवली. पुढं रस्ता रिकामा होता. कडेला खडीचा एक ढीग होता.

"शिमोनराव," मी म्हटलं, "ती खडी आहे."

ते बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग हलंना कावून, तेच म्हणत होतो मी."

मी त्यांचं काही ऐकलं नाही. बीडमधलं काम राहू दिलं आणि त्यांना सरळ मिशनच्या दवाखान्यात डोळ्याच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. डाव्या डोळ्यानं त्यांना आधीपासूनच कमी दिसायचं. उजव्यातला मोतीबिंदू पिकून गेला होता आणि डोळ्यात ताण वाढायला लागला होता. डॉक्टरीणबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं, की ईस्टरच्या आत ऑपरेशन करा, नाहीतर हा डोळा गेला म्हणून समजा. आठ दिवस दवाखान्यात, नंतर महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही.

परत येताना शिमोनराव एक शब्द बोलले नाहीत. पायही दाबला नाही. मला गाडी चालवायला अवघड जायला लागलं.

गावात आल्यावर मात्र त्यांनी निकाल देऊन टाकला, की छावणी सुटल्यावर ऑपरेशन. छावणी सुटणार पावसाळ्यात, आणि ईस्टर आलेला महिन्यावर. मार्थाबाईंनी सांगून पाहिलं, पाळकसाहेबांनी सांगून पाहिलं, मीही आवाज चढवून सांगून पाहिलं. त्यांचं एकच. किल्ल्या द्यायच्या कुणाकडे? पाळक पोरसवदा आहे. तुम्ही सरकारी माणूस, उद्या बदली होईल. मार्थाला गोदामाचं कुलूप उघडत नाही. आणि बाकी सगळे रखमाजीसारखे. त्या रविवारी त्यांनी डोळ्याबद्दलही प्रार्थना केली. डोळा जूनपर्यंत तगवून धरावा, असं देवाला सांगितलं, आणि कोणता डोळा तेही सांगितलं.

मार्थाबाई त्या दिवशी चर्चच्या पायरीवर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "रोज म्हणत्यात, देवावर भरवसा ठेवा. लोकांना सांगत्यात. आन् ह्यांचा सोताचा भरवसा कमरंला बांधलेला." त्या नेहमी हसून बोलायच्या, पण त्या वेळी त्यांचे डोळे भरून आले होते. मला फार वाईट वाटलं आणि शिमोनरावांचा रागही आला. ज्या माणसाला आपण जीव लावतो त्याला आंधळं होताना बघायचं, आणि तेही किल्ल्यांच्या एका जुडग्यापायी.

आता त्यांच्या चर्चमधली एक रीत सांगायला हवी. ज्वारीची काढणी झाली की तिथं हंगामाची उपासना होते. पुढच्या मेजावर पांढरी चादर घालतात आणि ज्याच्या शेतात-घरात जे झालं असेल ते तो मेजावर आणून ठेवतो. कणसांची पेंढी, भोपळा, अंडी, कोंबडी. उपासना झाली की त्याच वस्तूंचा लिलाव. लिलावाला सगळं गाव दारात-खिडक्यात गोळा होतं, हिंदू-मुसलमान सगळे, आणि बोलीही लावतात. ह्या मेजाचा एक कायदा होता आणि तो शिमोनरावांनीच केलेला होता. मेजाला टेकलं ते देवाचं. मग ते परत न्यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी सुवार्ताबाई नावाच्या म्हातारीनं अंडी द्यायला आणली होती. पदर सावरायला म्हणून तिनं खुडूक कोंबडीचं डालगंही क्षणभर मेजावर ठेवलं. शिमोनरावांनी ते बघितलं. कोंबडी लिलावात गेली. म्हातारी रडकुंडीला आली, पण कायदा म्हणजे कायदा. ती कोंबडी म्हातारीनं मनातून सोडली नव्हती.

दुष्काळाच्या त्या वर्षी लोकांच्या हातात ना दाणे होते ना रोकड. पाळकसाहेबांनी डोकं चालवलं. चर्चच्या आवारातला आड गाळानं भरला होता; तेव्हा यंदा बोली दिवसांची. वस्तू हवी असेल त्यानं आडातला गाळ काढायला किती दिवस येणार ते बोलायचं. एरवी भरून वाहणाऱ्या मेजावर त्या दिवशी होतं ते म्हणजे करडईची एक मूठ, बारकी बारकी पाच कणसं, एक लिंबू आणि चार अंडी. बाकी सगळी पांढरी चादर. मेजाला लागूनच खिडकी, आणि खिडकीचा कट्टाही चुन्यानं पांढरा केलेला.

शिमोनराव नुकतीच बाजाची पेटी उघडून आले होते, जुडगा हातातच होता. तेवढ्यात सुवार्ताबाई टँकरच्या पाण्याची घागर घेऊन पुढं आली. म्हणाली, माझ्या घरी यंदा एवढंच आलंय, हेच देवाला. घागर तिला पेलवेना. शिमोनराव पुढं झाले, दोन्ही हात मोकळे करायला त्यांनी जुडगा बाजूला ठेवला आणि घागर धरून मेजावर ठेवली. मग जुडगा घ्यायला वळले आणि खिडकीच्या कट्ट्यावर चाचपायला लागले.

जुडगा कट्ट्यावर नव्हता. मेजावर होता, लिंबाशेजारी.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सुवार्ताबाई शांतपणे म्हणाली, "साळवे, मेजाला टेकलं ते?"

सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "देवाचं." आणि हशा पिकला. खिडकीतली माणसंसुद्धा हसली. शिमोनरावांचा हात हवेत थांबला होता. ते हसत नव्हते.

"चुकून ठेवल्या," ते म्हणाले. "मला दिसलं न्हाई."

हे त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकलं. हसणं थांबलं. मार्थाबाई बायकांच्या बाजूनं उठल्या आणि म्हणाल्या, "दिसलं न्हाई, हे आज म्हणालात न्हवं? मग आता त्यानं घेतल्यात. राहू द्या." त्या पाळकसाहेबांकडे वळल्या आणि लिलाव सुरू करायला सांगितलं. पाळकसाहेबांनी घाबरत घाबरत जुडगा उचलला. ते किल्ल्या आणि शिमोनराव दोघांकडे आळीपाळीनं बघत होते.

कुणीतरी गमतीनं दोन दिवस म्हणालं. कुणी पाच. शिमोनराव मेजाची कड धरून उभे होते. दारातून चर्च हादरेल असा आवाज आला, "ईस दिवस!"

रखमाजी होता. खांद्यावर घोंगडं, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा, दाराच्या आत आलेला नव्हता.

"कावून बे?" शिमोनराव म्हणाले. "तुला काय करायच्यात किल्ल्या?"

"तुमी डोळा करून या, काका," रखमाजी म्हणाला. त्याला हळू बोलता येतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. "तवर मी संभाळतो. एवढे दिस मीच वजन वाचून दावायलोय तुमाला. तुमाला काटा दिसत न्हाई, हे मला लई आधी कळलंतं."

छावणीत मी रोज उभा असायचो. काट्याकडे माझंही लक्ष असायचं. रखमाजीनं एकही वजन चुकीचं ओरडलेलं नव्हतं, स्वतःच्या गाईंचंसुद्धा नाही. हे माझ्या ध्यानात तेव्हा आलं आणि मला स्वतःची लाज वाटली. मी ते उभा राहून सांगितलं.

कायदा शिमोनरावांचाच होता, त्यांनी तो मोडला असता तर कुणी आडवं आलं नसतं. त्यांनी कमरेच्या रिकाम्या करदोड्यावरून हात फिरवला. मग रखमाजी जिकडे उभा होता तिकडे तोंड करून म्हणाले, "गोदामाचं कुलूप उलटं फिरतं. आन् दार आधी वर उचलावं लागतं."

"म्हाईत हाय काका," रखमाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते मार्थाबाईंबरोबर एसटीनं बीडला गेले. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. डोळ्यावर पट्टी, हात चादरीवर, आणि माझा आवाज ऐकताच चौकशी सुरू. गोदाम? पेंड? टँकर? मी सगळं ठीक असल्याचं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. सगळं ठीक कसं असेल, असं त्यांना वाटत होतं, आणि खरं तर त्याचंच त्यांना जरा दुःख होत होतं. मग मार्थाबाईंनी डबा उघडला. दवाखान्याच्या मागच्या चुलीवर त्यांनी भाकरी भाजून आणल्या होत्या. शिमोनरावांनी हात जोडले.

"प्रभू, छावणीत," त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. मार्थाबाईंनी डब्याचं झाकण परत लावलं, सवयीनं. मी खाटेच्या गजाला टेकून बसलो.

"तुला म्हाईतच हाय," शिमोनराव म्हणाले. "तू बघ. आमेन."

झाकण तसंच होतं. मार्थाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "काढ की वाढायला," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी गरम भाकरी खाल्ली. दोन घास झाल्यावर म्हणाले, "डॉक्टर, चाळीस वर्षं मी त्याला मालक म्हणलो. आन् एक किल्ली त्याच्या हातात दिली न्हवती." पट्टीच्या आतून पाणी आलं. मार्थाबाई रागावल्या, की डॉक्टरीणबाईंनी रडायला बंदी केलीय. मग त्याही रडल्या, आणि मी बाहेर जाऊन चहा सांगितला.

आठ दिवसांनी ते गावात उतरले ते थेट छावणीवर. अकराच्या अकरा किल्ल्या गोदामाच्या दाराजवळ एका खिळ्याला टांगलेल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात पोहोचेल अशा. शिमोनरावांनी नव्या डोळ्यानं ते बघितलं आणि मटकन गव्हाणीवर बसले. रखमाजीनं त्यांना समजावलं, की तो बाहेर गेला तर दुसऱ्या कुणाला उघडता यावं म्हणून ती सोय आहे. आणि चारा आता लोक एकमेकांचा मोजतात, शेजाऱ्याचं वजन शेजारी वाचतो. गोदामातलं काही कमी झालं नव्हतं. शिमोनरावांनी ते दोनदा बघून आल्यावर मान्य केलं.

रखमाजीनं जुडगा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला, तोलून बघितला, आणि त्यातली एकच किल्ली सोडवून घेतली. ती अकरावी, जिचं कुलूप नव्हतं. "एवढी संभाळतो मी," म्हणाले. बाकीच्या खिळ्याला गेल्या.

ते काही लगेच संत झाले नाहीत. रखमाजीनं बोलीप्रमाणे वीस दिवस आडातला गाळ काढला, तेव्हा शिमोनराव काठावर खुर्ची टाकून चार दिवस गप्प बसले आणि पाचव्या दिवशी टोपली कशी धरावी ते सांगायला लागले. प्रार्थना मात्र आखूड झाल्या. कधीकधी मूळ स्वभाव उसळी मारायचा आणि देवाला एखाद्या ड्रायव्हरचं नाव ऐकवलं जायचं, पण बापाचं नाव त्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

पुढं माझी पाटोद्याला बदली झाली. काही वर्षांनी ते गेल्याचं मार्थाबाईंच्या पत्रातून कळलं. शेवटच्या दुखण्यात ते अजिबात घाबरले नाहीत, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि मला ते खरं वाटलं, कारण त्याच्या आदल्याच उन्हाळ्यात मी त्यांना बघितलं होतं.

माझी एसटी चौसाळ्यात प्रवाशांसाठी थांबली होती. समोरून एक मोटरसायकल हळूहळू येत होती. पुढं रखमाजी, मोठमोठ्यानं कुणाशी तरी बोलत. मला वाटलं मागच्या माणसाशी, पण मागचा माणूस झोपला होता. टोपी कपाळावर आलेली, हनुवटी रखमाजीच्या खांद्यावर, तोंड अर्धं उघडं, आणि दोन्ही हात मांडीवर सैल पडलेले. कमरेला एक किल्ली. मी खिडकीतून हाक मारणार होतो, पण त्यांना उठवावंसं वाटेना. पुढं गतिरोधक आला. रखमाजीनं ब्रेक दाबला, आणि त्याच वेळी झोपेतच शिमोनरावांनी मागच्या पायटेकणीवर उजवा पाय करकचून दाबला.

झोप मात्र मोडली नाही.